खिडकीपुढची भिंत

माझ्या खिडकीतून मला भिंत दिसायची. समोरच्या घराची नव्हे, आमच्याच घराची! गजांतून हात बाहेर घातला तर चार बोटं जातील न जातील एवढ्या अंतरावर मातीची, शेणाने सारवलेली, दीड हात जाडीची भिंत उभी. खिडकीला मात्र लोखंडी गज होते, हिरव्या रंगाच्या झडपा होत्या आणि मी हौसेने शिवलेला फुलाफुलांचा पडदा होता. पडदा सारला की माती. आलेला पाहुणा बघायचा आणि विचारायचा, "ही खिडकी कशाला हो?" मी म्हणायची, "हवापालटाला!" मग आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाला पदर लावून आत पळायच्या.

हे कुळगावातलं. पन्नास साल उलटून एकदोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी कल्याणहून लग्न होऊन तिथे आले. माझे वडील शिंपीकाम करायचे, त्यांच्या हाताखाली मी शिकलेले. लग्न ठरतानाच मी भर बैठकीत सांगितलं होतं, "माझं मशीन माझ्याबरोबर येणार आणि ते उजेडात बसणार." मुलीने बैठकीत तोंड उघडलं म्हणून सगळे अवाक झाले. पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पडवी तुजी." माणूस शब्दाचा पक्का. पडवी त्यांनी दिली. फक्त त्या पडवीत उजेड नव्हता, एवढंच ते विसरले.

घराचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की उजेड यायचा तो दारातूनच. म्हणून मी मशीन दारातच मांडलं. येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा. बैल सोडायला निघालेले मामंजी माझ्या सुताच्या रिळात पाय अडकवून दोनदा पडता पडता वाचले. संध्याकाळी आमचे हे अंबरनाथच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यातून घरी आले की दारातच ताटकळायचे, कारण माझी शिवण अर्धवट असायची. "उठतेस का?" "थांबा, बाही लागतेय." कुळगाव आणि आसपासच्या बायकांच्या चोळ्या, परकर, पोरांची झबली सगळी माझ्याकडे यायला लागली होती. दोन वर्षांत डोळे चुरचुरायला लागले. सुईत दोरा ओवायला आत्याबाई लागायच्या, आणि त्यांना तर माझ्याहून कमी दिसायचं.

मग ठरलं, पडवीला पक्की विटांची भिंत आणि मोठी खिडकी. इथे पंचायतीचा नियम आडवा आला.

नियम असा होता. जुन्या घराची रस्त्याकडची भिंत पाडायची नाही. लिंपा, सारवा, आतून काय हवं ते करा. पण भिंत पाडलीत तर घर नवीन धरलं जाणार, आणि नवीन घर रस्त्यापासून चार हात मागे घ्यायचं. भिंत आपोआप पडली तर गोष्ट वेगळी. मग पंचांनी येऊन बघायचं, समोरच्या घरच्यांची साक्ष घ्यायची, आपोआप पडली असं लिहून सह्या-अंगठे करायचे, की जुन्या जोत्यावर खुशाल बांधा. आता आमची पडवी होती पाच हातांची. पाचातून चार गेले की एक उरतो. एका हातात मशीन सोडाच, वहाणासुद्धा ओळीने राहत नाहीत. पडवी गेली की माझं मशीन माजघरातल्या अंधारात जाणार आणि माझं शिवणकाम संपणार, हे मला लख्ख कळत होतं.

बरं, हा नियम गावात आणला कुणी? आमच्याच मामंजींनी! ते पंच होते आणि त्यांची बैलगाडी होती. आमची गल्ली एवढी अरुंद की भाताची पोती भरलेली गाडी आत यायची नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडायची आणि पोती खांद्यावरून घरी आणायची. तालुक्याहून असल्या नियमाचा कागद आला तेव्हा मामंजींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि आणखी चौघांचे हात डोळे वटारून वर करवले.

त्यात पहिली सापडली ती समोरची बाय. सगळी गल्ली तिला बायच म्हणायची. पन्नाशीची, एकटी, वालाच्या बिरड्यासाठी गावभर नावाजलेली. माझं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, वारा नाही पाऊस नाही, तिच्या पडवीची भिंत धाडकन पडली. बाय म्हणाली, आपोआप पडली. मामंजी पंच म्हणून बघायला गेले आणि म्हणाले, "भिंत अशी आपोआप पडत नाय. ढकलली असनार. नवी बांधायची हौस दुसरं काय!" त्यांनी सही केली नाही, म्हणून बाकीच्यांनीही केली नाही. बायचं घर चार हात मागे गेलं. पडवी गेली आणि तिथे एक दगडी पायरी राहिली. त्या पायरीवर बसून ती वाल सोलायची. मामंजींची गाडी मात्र तेव्हापासून थेट आमच्या दारापर्यंत यायला लागली.

खोटं कशाला बोलू, गल्लीबरोबर मीही हसले. नवी नवरी होते, जीभ तिखट. बायच्या हातून तांब्या पडला की मी दारातून ओरडायची, "काय बाय, आपोआप पडला का?" ती नुसतं बघायची. आत्याबाईंशी ती बोलायची, माझ्याशी कामापुरतं, आणि मामंजींशी एक अक्षर नाही.

तर आता आमची पाळी. मामंजींनी पंचायतीत रीतसर अर्ज दिला, 'जुनी भिंत कायम ठेवून आतून दुरुस्ती.' अर्ज मंजूर झाला. गवंड्याने मातीच्या भिंतीला जवळजवळ खेटून आतून विटांची भिंत उचलली, वाशांचा भार या नव्या भिंतीवर घेतला आणि मला विचारलं, "खिडकी कुठं?" मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, समोर माती हाय." मी म्हटलं, "तुम्ही बसवा तर खरी!"

खिडकी आणायला मी आणि हे कॅम्पात गेलो होतो. उल्हासनगर म्हणायची सवय तेव्हा कुणाच्या जिभेला नव्हती, सगळे कॅम्पच म्हणायचे. तिथे लढाईच्या वेळच्या बरॅकींचा लिलावात घेतलेला माल एक सिंधी म्हातारा विकायचा. खिडकीवर थाप मारून म्हणाला, "साईं, मिलिटरी का माल है. बम गिरेगा तो भी हिलेगी नहीं." हे म्हणाले, "बॉम्ब कशाला, आम्हाला उजेड हवाय." म्हातारा लगेच म्हणाला, "उजाला साथ में मुफ्त!" मला तो फार आवडला. घरी येऊन खिडकी बसवली आणि फुकटचा उजेड मातीच्या पलीकडेच राहिला.

आमचा हिशोब साधा होता. पावसाळा येईल, जुनी भिंत भिजेल, पडेल, पंच सह्या करतील. पण छपराच्या वळचणीचं पाणी भिंतीपासून दोन हात लांब पडायचं. चार महिने आभाळ कोसळलं आणि आमची भिंत कोरडी ठणठणीत! गौरी गेल्या, नवरात्र गेलं, दसऱ्याला आत्याबाईंनी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हिलापन वाहू का? देवच दिसतेय मेली."

दुसऱ्या दिवशी मामंजी शेतावर गेल्यावर त्यांनी मला हळूच बोलावलं. "न्हानीतलं पाणी कुठं जातं गं?" मी म्हटलं, "मागच्या अळवात." त्या म्हणाल्या, "अळूला लय पाणी झालं." बस्स! तेव्हापासून आमच्या घरातलं अंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं बादलीने भिंतीच्या बुडाशी. आत्याबाईंनी म्हैसही तिथेच आणून बांधली, कारण तिला अंग घासायची खोड. आणि कांडपाचं उखळ मागच्या दारातून पुढे आणलं. शेजारणींना हाळी घातली, "या गं, इथं ऊन चांगलं पडतंय." चारचार बायका मुसळं घेऊन भिंतीला लागून भात कांडायच्या. धाप धाप धाप! आत माझ्या खिडकीच्या झडपा थरथरायच्या. भिंत ढिम्म.

मामंजी हे सगळं बघायचे आणि बघायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "म्हस हितं का?" आत्याबाई म्हणाल्या, "तिचं मन रमतं." मामंजी बैल सोडायला गेले. खोटी सही करणार नाही असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलं होतं. पण म्हशीच्या मनाबद्दल नियमात काही नव्हतं.

मग एक दिवस तालुक्याचा ओव्हरसियर आला. टोपी, सायकल, हातात टेप. कुणीतरी कागाळी केली असणार. त्याने ओली भिंत बघितली, उखळ बघितलं, म्हैस बघितली. म्हशीने त्याच्यादेखत भिंतीला कूस घासली. तो मामंजींना म्हणाला, "तुम्ही पंच ना? ही भिंत पडली आणि पाडल्याचा संशय जरी आला, तरी घर चार हात मागे घेईन. पंचाचं घर आहे म्हणून जास्तच कडक बघीन."

तो गेला आणि मामंजी कडाडले. आयुष्यात मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माजी अब्रू घालवता? आजपासून भिंतीला कुनी थेंब लावायचा नाय, बोट लावायचं नाय. मशीन अंधारात चालत असंल तर चालू दे, नाय तर बंद पडू दे!" हे शेवटचं माझ्याकडे बघून. मला रडूच कोसळलं. पण मी शपथ घेतली. म्हैस गोठ्यात गेली, उखळ मागे गेलं, पाणी पुन्हा अळवाला. मी खिडकीशी बसून मातीकडे बघत मनातल्या मनात त्या भिंतीला लाखोली वाहायची.

तीन आठवडे गेले. भिंत वाळून खणखणीत झाली. पौषातल्या एका रविवारची दुपार होती. सगळे माजघरात जेवायला बसलेले, मी भाकरी वाढत होते. आणि धडाड्! घर हाललं. ताटांत धूळ. आम्ही धावत पडवीत आलो, तर खिडकीतून ऊन येत होतं. थेट मशीनच्या चाकावर. गल्लीत मातीचा ढीग, आणि समोर पायरीवर बाय, मांडीवर वालाचं सूप, केसांवर धूळ. तेवढीच एक तिथे होती.

मी आनंदाने ओरडणार होते, तेवढ्यात मामंजींचा चेहरा दिसला. ते पांढरेफटक पडले होते. "कुनी?" त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, सगळी जेवत व्हतो ना!" मामंजींनी आम्हाला मोजलं. सगळे होते. म्हैस गोठ्यात होती.

तोवर गल्ली जमली. पहिलाच माणूस डोळा घालून म्हणाला, "पडली का आपोआप?" आणि हशा पिकला. मामंजी म्हणाले, "खरंच आपोआप पडली." हशा आणखी वाढला. "आमी जेवत व्हतो!" "हो हो, काका, जेवत होता!" दोन महिने पाणी ओतलेलं सगळ्यांनी बघितलेलं. ज्या शेजारणी मुसळं घेऊन आल्या होत्या त्याच आता तोंडात पदर कोंबून उभ्या. मामंजी या दारातून त्या दारात गेले. "देवाशप्पथ सांगतो..." कुणी ऐकेना. शब्दाचा पक्का माणूस, आणि त्याचा शब्द कुणी घेईना. मी त्यांच्यावर तीन आठवडे धुसफुसत होते, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पंचनाम्याला ओव्हरसियर चौथ्या दिवशी आला. आमच्या पडवीत पंच बसले. नियमाप्रमाणे समोरच्या घरची साक्ष हवी, म्हणून बायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी तिच्या पायरीपर्यंत गेले होते, विनवायला. पण काय तोंडाने विनवणार? तांब्या आठवला आणि तशीच माघारी आले. ती एक शब्द बोलली की माझी पडवी जाणार, आणि तो शब्द बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता.

बाय आली, पदर नीट केला, उभी राहिली. ओव्हरसियर म्हणाला, "बाई, खरं सांगा. या भिंतीला पाणी ओतत होते की नाही?"

"लेकीसुना हायेत घरात. आंगोळी करत्यात. पाणी काय डोक्यावर साठवतील?"

पंचांतला एक खुसकन हसला. ओव्हरसियरने डोळे वटारले. "पडली त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?"

"वाल सोलत व्हते. भिंतीपाशी मानूस नाय, जनावर नाय. आपोआप पडली."

"भिंत अशी आपोआप कशी पडेल?"

बायने आता ओव्हरसियरकडे बघितलंच नाही. ती पडवीतून खाली उतरली, मातीच्या ढिगातून भिंतीच्या आतल्या लाकडी खांबाचा तुकडा उपसला आणि त्याच्यासमोर आपटला. लाकडाचा भुगा झाला. आत नुसती वाळवी.

"अशी पडते, सायेब," ती म्हणाली. "माजीपन अशीच पडली व्हती. मीपन खांब घेऊन गेले व्हते पंचायतीत. कुनी बघितला नाय."

मामंजी जमिनीकडे बघत होते. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती खरं बोलत होती, तेव्हाही आणि आत्ताही, आणि मी दोन वर्षं तिच्या दारात दात काढले होते. ओव्हरसियरने भुगा बोटांनी चाचपला, लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, बायचा अंगठा घेतला. जाताना ती माझ्याजवळून गेली तेव्हा मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "उठ गं. शिवायला बस, ऊन जाईल."

पुढच्या बैठकीत मामंजी उभे राहिले. घरी त्यांनी काही सांगितलं नाही, पण ह्यांना कारखान्यात समजलं. मामंजींनी भर पंचायतीत म्हटलं, बायची भिंत आपोआप पडली होती, मी खांब न बघता खोटं ठरवलं, चूक माझी, आता माझी सही घ्या. एकाने विचारलं, "मग तुमच्या गाडीचं काय?" मामंजी म्हणाले, "गाडीला पाय हायेत का? मला हायेत."

त्या उन्हाळ्यात बायची पडवी जुन्या जोत्यावर पुन्हा उभी राहिली. विटा वाहायला आमची गाडी होती आणि सारवायला मी होते. पडलेल्या भिंतीच्या जागी आम्ही आमच्या बाजूला कट्टा बांधला, चोळ्या घालून बघायला येणाऱ्या बायकांना टेकायला. गल्ली पुन्हा होती तेवढी झाली.

भातकापणी झाली आणि मामंजींची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. पहिलं पोतं खांद्यावर घेऊन ते वाकत वाकत आले. मी खिडकीशी बाही लावत होते, सगळं दिसत होतं. बाय तिच्या नव्या पडवीत वाल सोलत बसलेली. पोतं तिच्या भिंतीला घासायला आलं तशी ती मान वर न करता म्हणाली, "हळू हो! भिंतीला लागंल. आपोआप पडते ती."

माझं मशीन थांबलं. मामंजीही थांबले. तीन-चार वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. त्यांनी खांद्यावरचं पोतं सावरलं आणि म्हणाले, "ठाऊक हाय, बाय."